'देण्याचे मान्य' की 'दिल्याचे मान्य': परत आलेल्या भाषांतराविषयी

भाडेकराराचे तुमचे मराठी भाषांतर 'वाक्यरचना सदोष' एवढ्याच शेऱ्यासह दोनदा परत आले आणि 'भरणे', 'भरणा' व 'भरल्याचे' यांपैकी कोणते रूप कोठे योजावे हे कोणीच सांगत नाही, ही तुमची तक्रार वाचून मला माझीच जुनी फाइल आठवली. मी भाषाशास्त्राचा पदवीधर नाही, पोटापुरते भाषांतर करणारा माणूस आहे. तेव्हा पुढील मजकूर अनुभवाचा समजावा आणि दस्ताच्या कायदेशीर परिणामांविषयी वकिलाचेच ऐकावे.

धातूला 'णे' लावले की नाम होते आणि त्याचे सामान्यरूप 'ण्या' होते, हे तुम्हांला ठाऊक असणारच. माझे नुकसान झाले ते त्याच्या पुढच्या पायरीवर. दोन भावांच्या व्यवहाराचे एक इंग्रजी प्रतिज्ञापत्र माझ्याकडे आले होते. थोरल्याने धाकट्याचे 40,000 रुपये चुकते केले आहेत, एवढाच त्याचा आशय होता. परंतु मुळात 'पेमेंट' हे एकच नाम होते आणि त्या नामाला काळ नसतो. पैसे दिले गेले की अजून द्यायचे आहेत, हे तेथे आजूबाजूच्या मजकुरावरून ओळखायचे असते. मी ते न ओळखता लिहिले, "थोरल्याने धाकट्यास 40,000 रुपये देण्याचे उभय पक्षांस मान्य आहे." लिहायला हवे होते 'दिल्याचे'. एका शब्दाने फिटलेले कर्ज पुन्हा उभे राहिले.

ज्या कार्यालयात ते सादर झाले तेथून ते पाच महिन्यांत तीनदा परत आले आणि तिन्ही वेळा शेरा एकच होता: "सदर भाषांतर अमान्य करण्यात येत आहे." कोणी अमान्य केले, कोणत्या ओळीमुळे केले, कशाच्या आधारे केले, याचा उल्लेख नाही. विचारायला गेल्यावर "शेरा वाचा" हे उत्तर. 'करणे' या क्रियेचे नाम करायचे, त्याला सप्तमीत बसवायचे, पुढे 'येणे' जोडायचे, की करणारा मागच्या दाराने निघून जातो. नामरूपांचा इतका सोयीचा वापर मी अन्यत्र पाहिलेला नाही. चूक अखेर सापडली ती धाकट्या भावाला. त्याने कागद हातात घेतला, ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाला, "अहो, दादाने हे पैसे मला केव्हाच दिलेत. तुम्ही त्याला पुन्हा का द्यायला लावता?"

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे: इंग्रजी नामासमोर मराठी नाम शोधण्याआधी ती क्रिया घडली आहे का, हे विचारावे. 'ण्याचे' आणि 'ल्याचे' यांतील भेद शैलीचा नाही, अर्थाचा आहे. "त्याने येण्याचे सांगितले" म्हणजे यायला सांगितले; "त्याने आल्याचे सांगितले" म्हणजे कोणीतरी आले, ही बातमी दिली. "पैसे देणे नाकारले" म्हणजे दिले नाहीत; "पैसे दिल्याचे नाकारले" म्हणजे दिले असतील अथवा नसतील, माणूस ते कबूल करत नाही. क्रिया पुढे घडायची असेल तर 'देणार असल्याचे' हे तिसरे रूप आहेच. 'णे' नेहमीच न घडलेल्या क्रियेसाठी येते असे मात्र मी म्हणत नाही, कारण 'त्याचे रोज उशिरा येणे' ही घडत असलेलीच गोष्ट असते. पण 'मान्य', 'नाकारणे', 'सांगणे' यांसारख्या शब्दांच्या शेजारी ते रूप भविष्याकडे कलते. पाटीवर 'चपला बाहेर काढणे' असे लिहिलेले असते तेव्हा तेच नाम सरळ आज्ञा होऊन बसते, हेही या कलाचेच लक्षण असावे.

हा भेद एकट्या मराठीचा नाही. शेजारच्या कन्नडमध्ये 'बरुवुदु' म्हणजे येणे आणि 'बंदद्दु' म्हणजे आलेले असणे, अशी दोन रूपे आहेत. दूरच्या तुर्कीत 'तो आल्याचे मला माहीत आहे' यासाठी 'गेल्दीइनी' आणि 'त्याने यावे अशी माझी इच्छा आहे' यासाठी 'गेल्मेसिनी' असे वेगळे नामरूप वापरावे लागते. हिंदीत मात्र 'आग लगने की ख़बर' एवढ्याने भागते, आणि हिंदीवरून घाईने मराठी करणाऱ्या वाहिन्यांमुळे 'आग लागण्याची बातमी' व 'खून करण्याचा आरोप' आपल्या कानी पडू लागले आहेत. आग लागल्याची बातमी असते आणि खून केल्याचा आरोप असतो. 'खून करण्याचा' असतो तो कट.

तुमच्या करारात आणखी एक जागा मला खटकली, ती कर्त्याची. 'भाडेकरूने जागा सोडणे' यात बंधन आहे, 'भाडेकरूचे जागा सोडणे' यात केवळ घटनेचा उल्लेख आहे, आणि तुम्ही दोन्ही रूपे एकाच कलमात मिसळली आहेत. संस्कृतात कृदन्ताजवळ, म्हणजे धातूला प्रत्यय लागून झालेल्या शब्दाजवळ, कर्ता व कर्म या दोहोंना षष्ठी सांगणारे पाणिनीचे सूत्रच आहे, 'कर्तृकर्मणोः कृति'. मराठीत तो नियम 'पत्राचे लेखन' यासारख्या तत्सम नामांपाशी दिसतो. 'पत्र लिहिणे' म्हणताना पत्राला 'चे' लागत नाही, आणि 'भराभर लिहिणे' चालते तसे 'भराभर लेखन' चालत नाही. 'लिहिणे' हे नाम झाले तरी अर्धे क्रियापदच राहते. म्हणूनच कोणी काय करायचे हे सांगायचे असेल तेथे मी 'णे' पसंत करतो. 'भाडेप्रदान' यासारखे जोडशब्द भारदस्त दिसतात, पण कोण कोणाला देणार हे ते गिळून टाकतात. हे माझे मत झाले; काही कार्यालयांना असलेच शब्द हवे असतात आणि तेथे वाद घालून उपयोग होत नाही.

'भरणा' हे रूप मात्र तोलून वापरावे. 'भर' या एकाच धातूपासून बँकेतला भरणा, नोकरीची किंवा समुद्राची भरती आणि रस्त्याखालचा मातीचा भराव निघाला, परंतु प्रत्येकाने आपापला धंदा धरला आहे. भाड्याचा भरणा होतो. अर्जाचा होत नाही, अर्ज भरावाच लागतो. अशी नामे नियमाने बनवता येत नाहीत, ती वापरात आहेत की नाहीत एवढेच पाहायचे असते.

संशय राहिला तर मी आता नामाचा हट्ट सोडतो आणि उपवाक्य उघडे ठेवतो: "ही रक्कम मिळाली आहे, हे उभय पक्षांस मान्य आहे." वाक्य दोन शब्दांनी लांबते, पण 'हे' या सर्वनामाने सबंध वाक्याला नामाची जागा मिळते आणि काळ शाबूत राहतो. तुमच्या कलम 7 मधील 'अनामत परत करण्याचे मान्य' ही ओळ मला याच कारणाने संशयास्पद वाटते. अनामत परत झाली आहे की व्हायची आहे, हे मूळ इंग्रजी वाक्य पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. नावे आणि रक्कम झाकून ते येथे द्यावे.