नाताळच्या सुट्टीत गावात असतं कोण?

तुमचा बेत वाचला. पुण्यातल्या मंडळीचा (चर्चचा) तरुण संघ, वीस जण, २६ डिसेंबरपासून आठ दिवस बीड जिल्ह्यात आष्टी-पाटोद्याकडच्या एका गावात. टेम्पोभर जुने कपडे, एक दिवस आरोग्य शिबिर, संध्याकाळी पोरांसाठी बाहुल्यांचा खेळ. 'आणखी काय न्यावं?' असं विचारलंय. त्याआधी सांगा, त्या तारखांना गावात कोण असेल याची चौकशी केलीत का?

आमची यात फजिती झालीय. पहिल्या वर्षी आम्हीही नाताळ आटोपून असेच निघालो. पोचलो तर निम्म्या घरांना कुलूप. माणसं ऊसतोडीला. दसरा-दिवाळीला कोयते निघतात (कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाची, म्हणजे टोळी नेणाऱ्या कंत्राटदाराची, आगाऊ उचल त्या हिशेबाने) ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागे म्हातारी माणसं, शेळ्या आणि हंगामी वसतिगृहातली पोरं. आमच्या गठ्ठ्यांत टाय, लग्नातले कोट, उंच टाचांच्या चपला. एका आजींनी सगळं उलथंपालथं करून फक्त एक विरलेली चादर उचलली. "करडाला होईल," म्हणाल्या. बाकीचं परत न्यायची लाज आणि तिथे टाकायचीही लाज.

शिबिराचीही तीच गत. त्याच आजींना रक्तदाबाच्या पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. पुढच्या वर्षी त्यांनी पत्र्याच्या डब्यातून अर्ध्याअधिक काढून दाखवल्या. डोकं दुखलं की एक, अशा वर्षभर पुरवल्या होत्या! रोज घ्यायच्या हे आम्ही घाईत धड सांगितलंच नव्हतं, संपल्यावर कुठून आणायच्या तेही नाही. आता गावातल्या आशाताईंशी (सरकारी योजनेतल्या आरोग्य कार्यकर्तीशी) आधी बोलल्याशिवाय आम्ही एकही गोळी नेत नाही.

आष्टीहून पुढे जामखेड आहे, एक दिवस तिकडे काढाच. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य १९७० मध्ये तिथे आलं. तेव्हा त्या भागात हजारी १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. तरी लोकांनी आधी काय मागितलं? दवाखाना नव्हे, पाणी आणि अन्न. दुष्काळच होता. मग बोअर घेताना ती दलित वस्तीत घेतली. ज्याला पाणी हवं त्याने तिथे यावं! पुढे गावातल्याच, बऱ्याचशा निरक्षर बायांना आरोग्याचं शिक्षण दिलं आणि बाळंतपणापासून कुष्ठरोगापर्यंत त्या बघू लागल्या. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळाला. आज दोघंही नाहीत, काम चालू आहे. आठ दिवसांच्या पाहुण्यांना याहून चांगली शाळा मिळणार नाही.

प्रार्थनेबद्दलही विचारलंय. आपसात खुशाल करा, सकाळ-संध्याकाळ करा. पण वाटपाच्या रांगेत नको. माझे पणजोबा नगर जिल्ह्यातले, दुष्काळाच्या काळात ख्रिस्ती झालेले. 'पोटासाठी बाटले' हा टोमणा आमच्या घराने तीन पिढ्या ऐकला. खरं काय ते त्यांनाच ठाऊक, पण धान्याच्या पोत्याशेजारी पवित्र शास्त्र उघडलेलं दिसलं की समोरच्या माणसावरही तोच शिक्का बसतो. फोटोंचंही तेच. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये हे रविवारी शिकायचं आणि सोमवारी रील टाकायची, हे मला तरी जमत नाही.

तेव्हा तारखा बदलता आल्या तर मे महिना धरा, माणसं घरी असतात. नाहीच जमलं तर एखाद्या साखर कारखान्याचा तळ गाठा, मुकादमाला विचारून आणि संध्याकाळीच. बाया पहाटे तीन-चारला उठून फडात जातात, दिवसा खोपीत कुणी नसतं. वसतिगृहातल्या पोरांना नवे स्वेटर द्या, मापं हेडमास्तरांकडून आधी मागवा. टेम्पोच्या भाड्यात बरेच येतील.

बाहुल्या मात्र न्या. आमच्या त्या फजितीच्या वर्षी तेवढाच एक कार्यक्रम रंगला होता. पोरांना मागे सारून आज्याच पुढे बसल्या होत्या.