उंदीर चावलाच नाही, मग ताप कसा आला?

प्रश्न: आमच्या काकूंना आठ दिवस ताप होता, काखेत काळी खपली दिसली, डॉक्टर म्हणाले स्क्रब टायफस, उंदरांमुळे होतो. पण उंदीर चावलाच नाही त्यांना! घरात सगळे घाबरलेत.
– एक वाचक, काटोल

उत्तर: ताई, उंदीर चावावाच लागत नाही. रानउंदीर, घुशी, चिचुंद्र्या यांच्या कानात वगैरे माइट नावाच्या गोचिडीसारख्या बारीक किड्याची पिल्लं, म्हणजे चिगर, चिकटून असतात, डोळ्याला धड दिसतही नाहीत, तीच गवतात पण असतात आणि निंदताना, चारा कापताना आपल्या अंगावर चढतात. ती चावली की आजाराचे जंतू अंगात जातात, पण चावलेलं कळतच नाही, दुखत नाही ना. ताप येतो साधारण दहा दिवसांनी, त्यामुळे शेतातलं काम कुणाला आठवतच नाही!

ती खपली मात्र नीट बघा, सिगारेटचा चटका बसल्यासारखी दिसते, काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, आणि बायका लाजून दाखवत नाहीत, प्लीज दाखवा. सगळ्यांना येतेच असंही नाही. २०१८ मध्ये नागपूर भागात याची मोठी साथ आली होती, माणसं गेली. खरं तर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक औषध वेळेत मिळालं तर बहुतेकांचा ताप दोनेक दिवसांत उतरतो, उशीर झाला की फुफ्फुसं, किडनी, मेंदूपर्यंत जातं.

काकूंपासून तुम्हाला लागणार नाही, बिनधास्त जवळ बसा. शेतात पूर्ण बाह्या, बूट घाला, गवतावर बसू नका, आल्यावर आंघोळ करून कपडे गरम पाण्यात टाका. घराजवळचं गवतही काढा, नुसते उंदीर मारून भागत नाही, चिगर गवतातच राहतात.