अमेरिकेतल्या एका ग्रामीण काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) बेरोजगारी दर दहा वर्षांत निम्म्यावर आला, पण श्रमशक्तीही घटली. याला सुधारणा म्हणायचं का?

एवढ्यावरून तरी मी म्हणणार नाही. तुमच्या प्रश्नातला दुसरा आकडा, म्हणजे श्रमशक्तीचा (काम असलेले आणि काम शोधणारे मिळून), मी नेहमी आधी वाचतो. दर त्याच्या आधाराने चढतो-उतरतो.

अमेरिकेच्या सरकारी हिशोबात बेरोजगार म्हणजे 16 किंवा त्याहून जास्त वयाचा, हाताला काम नसलेला, मिळालं तर करायला तयार असलेला आणि गेल्या चार आठवड्यांत काम शोधलेला माणूस. शोधणं सोडलं की तो बेरोजगारांत धरला जात नाही, श्रमशक्तीतूनच वगळला जातो. समजा श्रमशक्ती 4,000 आहे आणि त्यात 320 बेरोजगार, म्हणजे दर 8 टक्के. त्यातले 150 जण हताश होऊन घरी बसले किंवा गाव सोडून गेले. आता 3,850 मध्ये 170 उरले, दर 4.4 टक्के. नवी नोकरी एकही आली नाही, तरी दर जवळजवळ निम्मा!

म्हणून खरा प्रश्न हा, की माणसं गेली कुठे? वेस्ट व्हर्जिनियातली मॅकडॉवेल काउंटी बघा. कोळशाचा मुलूख. 1950 च्या जनगणनेत तिथे 98,887 लोक होते, 2020 मध्ये 19,111. आधी खाणीत यंत्रं आली आणि दहा जणांचं काम दोघा-तिघांवर भागू लागलं. मग 1980 च्या दशकात यू. एस. स्टील या पोलाद कंपनीने तिथल्या खाणी बंद केल्या. किंबॉल गावातलं वॉलमार्ट अनेकांचा आधार होतं, तेही 2016 मध्ये बंद झालं. हे सगळं होत असताना हातपाय धड असलेली तरुण पोरं बाहेर पडली. मागे राहिले ते म्हातारे, खाणीत फुप्फुसं आणि पाठ गमावलेले, अपंगत्वाच्या भत्त्यावर जगणारे. यांतले बहुतेक काम शोधत नाहीत, त्यामुळे बेरोजगारी दरात दिसतही नाहीत. त्यांना आळशी म्हणणारे लोक भेटतात तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण या माणसांनी आयुष्यभर जमिनीच्या पोटात राबून देशाच्या पोलादासाठी कोळसा काढला.

सहभाग दर, म्हणजे प्रौढांपैकी किती टक्के श्रमशक्तीत आहेत, तो बघतानाही एक खाचखळगा आहे. मॅकडॉवेलमध्ये वेल्श गावाजवळ फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, तुरुंग आहे. जनगणनेत कैदी त्या काउंटीचे रहिवासी म्हणून मोजले जातात. एकूण प्रौढांच्या संख्येने भागलं, तर लहान काउंटीत नुसत्या तुरुंगामुळे सहभाग खऱ्याहून कमी दिसतो. तुमच्या काउंटीत तुरुंग किंवा मोठं वसतिगृह आहे का, ते आधी तपासा.

आणखी एक. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाचे काउंटीनिहाय आकडे 1990 पासून मिळतात, पण त्यांतला हंगामी चढउतार काढलेला नसतो. शेती किंवा पर्यटनावर चालणाऱ्या भागात जानेवारीची तुलना जुलैशी केली तर हाती काहीच लागत नाही. वार्षिक सरासरीच घ्या. शिवाय एवढ्या लहान भागासाठी स्वतंत्र सर्वेक्षण होत नाही, बेरोजगारी भत्त्याचे दावे वगैरे धरून अंदाज बांधतात. तेव्हा अर्ध्या टक्क्याच्या फरकावरून काही ठरवू नका.

मी तुमच्या जागी असतो तर दर बाजूला ठेवून फक्त काम असलेल्यांची संख्या दहा वर्षांची एकाखाली एक मांडली असती. ती वाढली असेल तर माझं मत मी आनंदाने बदलेन. मात्र तेव्हाही हे बघा, की या आकड्यांत माणूस राहतो तिथला धरतात, काम करतो तिथला नाही. रोज पन्नास मैल गाडी हाकून शेजारच्या काउंटीत कामाला जाणाराही तुमच्याच काउंटीचा रोजगार वाढवतो. काउंटीत प्रत्यक्ष नोकऱ्या किती उरल्यात, ते त्याच विभागाच्या तिमाही आकड्यांत पाहायला मिळेल. तिथे मोजणी कामाच्या जागेवरून होते.