जंगल हिरवं दिसतंय, पण झाडांची पोरं कुठायत?

प्रश्न: नमस्कार ताई, आमचं गाव कुरखेडा तालुक्यात, गडचिरोली जिल्हा. ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळालाय. जंगल तसं दाट आहे, साग, येन (ऐन), मोह, तेंदू, बिजा, चार (चारोळीचं झाड) सगळं आहे, पण म्हातारे म्हणतात की मोहाचं नि चाराचं नवं झाड दिसतच नाही आता. काही लोकांचं म्हणणं रोपं आणून लावू. लावावी का?

उत्तर: लगेच नको. आधी खाली वाकून बघा, कारण जंगलाची पुढची पिढी गुडघ्याच्या खाली असते आणि आपण सगळे वरच बघत असतो. 10 बाय 10 मीटरचे चौकोन दोरीने आखा, जंगलाच्या वेगवेगळ्या भागांत, वाटेच्या कडेलाच नको. त्यात मोठी झाडं मोजा, छातीच्या उंचीवर म्हणजे 1.37 मीटरवर टेपने घेर घ्या, 30 सेंमीच्या वरचं ते झाड धरा. मग मधली पोरं (त्याहून बारीक, वाढती झाडं), मग रोपटी, आणि प्रत्येकाची जात लिहा. जात लिहिणं महत्त्वाचं, नुसतं "रोपं 40" लिहून काही कळत नाही, कारण ती सगळी तेंदूचीच असू शकतात.

बहुतेक तसंच निघेल बघा. तेंदू मुळांपासून फुटतो, आग लागली, तोडला तरी परत येतो, जनावरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत. सागाचंही तसंच, खोडापासून फुटतो आणि गुरं पानं सोडून देतात. म्हणजे दरवर्षी आग आणि वर चराई असेल तर जंगल हळूहळू या दोघांकडे झुकतं, वरून मात्र हिरवंच दिसतं.

मोहाचं दुखणं वेगळं आहे. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून मार्च-एप्रिलमध्ये झाडाखालचा पाला जाळतात, त्यात गेल्या पावसाळ्यात उगवलेली रोपटी जळतात, आणि जून-जुलैमध्ये टोळी (मोहाचं बी) पडली की ती तेलासाठी उचलली जाते. मग उगवणार काय? जी राहते तीही ताजी असतानाच रुजते, साठवून ठेवली तर जोर जातो. तेव्हा पाला जाळण्याऐवजी झाडून घ्या किंवा खाली नेट अंथरा, आणि काही झाडांची टोळी ग्रामसभेने ठराव करून तशीच सोडा. चाराचं तर मला मनापासून वाईट वाटतं, दुसरा कोणी तोडेल म्हणून लोक फळ पिकायच्या आधीच फांद्यांसकट उतरवतात, मग बी ना जमिनीवर ना पाखराच्या पोटात. तोडणीची तारीख गावाने मिळून ठरवली तर हे थांबतं, एकट्यादुकट्याने होत नाही.

बिजाचं रोपटं उन्हाळ्यात वरून वाळलेलं दिसलं तर मेलं समजून मोजायचं सोडू नका. ते बरीच वर्षं असंच दर उन्हाळ्यात जमिनीपर्यंत वाळतं, पावसात परत फुटतं, आणि तोवर खाली मूळ जाड होत असतं, मग एखाद्या वर्षी एकदम उंच निघतं. अशा रोपट्याला दोन-चार वर्षं आगीपासून वाचवलंत तर नर्सरीतल्या रोपापेक्षा ते कितीतरी भरवशाचं, त्याचं मूळ तिथलंच आहे ना. जंगलाचा एक भाग ठरवून चराईला बंद ठेवा, काही वर्षांनी दुसरा. 2006 च्या वनहक्क कायद्याने राखण्याचा, वाढवण्याचा आणि व्यवस्थापनाचा अधिकार ग्रामसभेला दिलाय, तो अशा ठरावांसाठी वापरा. हे सगळं करूनही एखाद्या जातीचं बी देणारं झाडच जवळपास उरलं नसेल तर तेवढीच जात लावा.

प्रश्न: सागाच्या रोपवनात दुसरं काही उगवत नाही म्हणतात, खरंय का? (वाचक, चंद्रपूर)

उत्तर: अर्धं खरं. शेजारी मिश्र जंगल असेल आणि विरळणी (दाटीतली काही झाडं काढणं) वेळेवर झाली, उजेड खाली पोचला, तर रोहन, येन, धावडा आपोआप येतात. पण निंदणी करताना मजूर साग सोडून सगळं साफ करतात, कारण त्यांना तसंच सांगितलेलं असतं. रानमोडी नि घाणेरी ही तणं काढा ना, ती काढायलाच हवी, पण झाडाच्या जातीची रोपटी ओळखणारा एक जाणता माणूस त्या दिवशी सोबत ठेवा आणि त्याने खूण केलेल्याला विळा लावू देऊ नका.