गिअर माथ्यावरच टाक

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा लांबलचक मेसेज वाचला आणि फोन न करता पत्रच लिहायला घेतलं, कारण फोनवर तू मध्येच "पण काका..." म्हणतोस आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. क्लबची जुनी ॲटकिन्सन लॉरी चढावर अडकली, पाचव्यातून चौथा पडला नाही, गाडी जागच्या जागी उभी राहिली, मागे मोटारींची रांग लागली, हे कळलं. मग क्लबातल्या चौघांनी चार सल्ले दिले. एक म्हणाला, डबल क्लचचा, म्हणजे न्यूट्रलमध्ये क्लच सोडून, रेस देऊन, पुन्हा क्लच दाबण्याचा सराव वाढव. दुसरा म्हणाला, क्लच दाबूच नकोस, नुसत्या रेसवर फेऱ्या जुळवून टाक. तिसऱ्याला तिचा मूळ डेव्हिड ब्राऊनचा गिअरबॉक्स काढून सिंक्रोमेशचा, म्हणजे वेग आपोआप जुळवून घेणारा, बसवायचाय. आणि चौथ्याने सांगितलं की ही कला त्या पिढीबरोबर गेली, तुम्हा पोरांना ती येणारच नाही. आता तू विचारतोस, खरं कोणाचं?

कोणाचंच नाही. तुझा डबल क्लच चांगला आहे, मी शेजारी बसून पाहिलाय. तुझं चुकलं ते एवढंच की तू उशीर केलास. ज्या जागी तू चौथा शोधत होतास तिथे तो तुला मिळणारच नव्हता. गिअर चढाच्या आधी टाकायचा. उताराच्याही आधीच टाकायचा. या पत्रात मी फिरून फिरून हेच सांगणार आहे, कंटाळलास तरी वाच.

तू इंजिनिअर, हिशेब दिसल्याशिवाय तुझं समाधान होत नाही, म्हणून हिशेबच मांडतो. तुमच्या गाडीत गार्डनरचं सिक्स-एलएक्सबी इंजिन आहे. साडेदहा लिटरच्या आसपास, 180 अश्वशक्ती, आणि ती मिळते मिनिटाला 1850 फेऱ्यांवर. त्यापुढे गव्हर्नर, म्हणजे फेऱ्यांना लगाम घालणारी यंत्रणा, जाऊ देत नाही. समजा पाचव्या आणि चौथ्यात दीडपटीचा फरक धरला, म्हणजे गाडीच्या त्याच वेगाला चौथ्यात इंजिन दीडपट फिरतं. पाचव्यात 1500 वर चालला असताना चौथा हवा असेल, तर न्यूट्रलमध्ये इंजिन 2250 वर न्यायला हवं. गार्डनर तिथे जातच नाही. पाय फळीला टेकव, जोर लाव, दात खरडतील आणि लिव्हर हाताला झटका देऊन परत येईल. म्हणजे साधारण 1230 च्या खाली उतरल्याशिवाय चौथ्याचं नाव काढायचं नाही. ही झाली वरची मर्यादा. खालची मर्यादा चढ ठरवतो. एवढी जड गाडी चढावर न्यूट्रलमध्ये गेली की क्षणाक्षणाला वेग टाकते. 1200 ला हात घातलास तर चौथा अलगद पडतो. 900 पर्यंत रेंगाळलास, तर तू क्लच सोडून, रेस देऊन, पुन्हा क्लच दाबेपर्यंत गाडी तुझ्या अंदाजाच्या कितीतरी मागे पडलेली असते. मग तू तिसरा शोधायला हवास आणि तू चौथाच चाचपडत बसतोस. तुझं त्या दिवशी हेच झालं.

वरचा गिअर टाकतानाही गार्डनर अंत पाहतं. फ्लायव्हील जड, फेऱ्या सावकाश उतरतात. डिझेलची दुसरी इंजिनं झटकन खाली येतात, हे येत नाही. दोन चढांच्या मध्ये थोडी सपाटी दिसली म्हणून मोहाने पाचवा टाकायला गेलास, तर फेऱ्या उतरेपर्यंत दुसरा चढ सुरू झालेला असतो आणि हातात ना चौथा ना पाचवा. तिथे चौथ्यातच राहायचं. मागच्याने कितीही हॉर्न वाजवला तरी.

"क्लच दाबूच नकोस" म्हणणारा फुलर कंपनीच्या गिअरबॉक्सवर वाढलेला आहे, त्याचाही राग मानू नकोस. सत्तरच्या दशकात ईआरएफ, फोडन, ॲटकिन्सन बॉर्डरर या लॉऱ्यांत फुलरचा नऊ गिअरचा बॉक्स येऊ लागला. चार खाली, चार वर, एक अगदी सरपटण्याचा, आणि लिव्हरवरच रेंजचं बटण. तो बॉक्स रेस जुळली की क्लचशिवाय गिअर घेतो. त्यात क्लच पार तळापर्यंत दाबायचाही नसतो, कारण तळाशी बॉक्समधलं फिरणं थांबवणारा क्लच-ब्रेक असतो आणि तो फक्त उभ्या गाडीसाठी. ते शहाणपण त्या बॉक्सचं. ते उचलून साठच्या दशकातल्या डेव्हिड ब्राऊनला लावायला गेलास तर दातांचा चुरा होईल. प्रत्येक म्हातारा तुला सांगेल की सगळ्यात अवघड बॉक्स मी चालवला. फोडनच्या टू-स्ट्रोकवाल्याला विचार, तो बारा गिअरचं सांगेल. इंजिन छोटं, किंचाळणारं, ताकदीचा पट्टा एवढासा, म्हणून हात दिवसभर लिव्हरवर. वॉटफर्डच्या स्कॅमेल लॉरीवाला त्याच्या गेट-चेंज गिअरबॉक्सचं सांगेल, साउथॉलच्या एईसीवाला त्याच्या मॅमथ मेजर लॉरीचं. सगळे खरंच सांगतात. पण नीट कान देऊन ऐकलंस तर त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट हमखास येते: अमुक पुलापाशी मी खालचा टाकायचो, अमुक पबच्या पाटीपाशी. हात कसा फिरवला हे फारसं कोणी सांगत नाही, जागा मात्र प्रत्येकाला आठवते. अरे, तीच तर विद्या आहे!

मला ज्यांनी शिकवलं ते इंग्लंडातल्या लँकेशरचे. जड लॉऱ्यांना ताशी 20 मैलांचीच परवानगी होती त्या काळात ते लागले. ती मर्यादा 1957 साली 30 झाली. शॅपचा चढ त्यांनी जुन्या ए-6 रस्त्याने आयुष्यभर केला, केंडलहून वर, जंगल कॅफेपाशी चहा घेऊन. 1970 मध्ये एम-6 हा मोटारवे शॅपवरून गेला आणि तो रस्ता ओस पडला. मी त्यांच्याबरोबर बसायला लागलो तो पेनाइन डोंगरांत, स्टँडेजच्या वाटेवर. ते काय करायचे सांगतो. चढ अजून दिसतही नसायचा, तेवढ्यात ते खिडकीची काच चार बोटं खाली करायचे. रस्त्याच्या कडेला दगडी बांध असतात ना, त्यांच्यावर आपटून एक्झॉस्टचा आवाज परत येतो. तो आवाज जड व्हायला लागला, एकेक ठोका सुटा ऐकू यायला लागला, की डावा हात लिव्हरवर. डॅशबोर्डकडे ते पाहतच नसत. गिअर पडला की काच पुन्हा वर, कारण थंडी. त्यांच्या तोंडून गिअरबद्दल एक शब्द आला नाही कधी. फक्त म्हणायचे, "आता." तो "आता" नेहमी मला वाटायचं त्याच्या बराच आधी यायचा.

उताराचं मात्र शांतपणे सांगता येत नाही मला. चढावर गिअर चुकला तर फार तर गाडी उभी राहते, लोक चिडतात. उतारावर चुकला तर माणसं मरतात. गव्हर्नरमुळे या गाड्या सपाटीला ताशी चाळीस मैलांच्या आसपास अडकायच्या, म्हणून बरेच जण उतारावर न्यूट्रल मारून सोडायचे. त्याला इथे ब्रिटनमध्ये ॲबरडीन ओव्हरड्राइव्ह म्हणायचे, मोठ्या कौतुकाने. आता वरचा हिशेब परत काढ. न्यूट्रलमध्ये गाडी ताशी साठ मैलांवर गेली, तर कोणता गिअर पडेल? एकही नाही. सगळ्यात वरच्या गिअरलासुद्धा इंजिन 1850 च्या पुढे न्यावं लागेल. म्हणजे उरले फक्त ब्रेक, आणि ड्रम ब्रेक एकदा तापले की पेडल तिथेच असतं पण गाडी ऐकत नाही. पाच-सहा सेकंदांच्या मोहापायी माणूस इंजिन गमावून बसतो. म्हणून माथ्यावर, रस्ता अजून सपाट असताना, गाडी हळू करायची, हवा तो गिअर टाकायचा, आणि पायथा येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. माथ्यावर, रे. अर्ध्या उतारावर सुचून काही उपयोग नाही.

मी ज्यांच्याकडे नोकरीला होतो त्यांना हे पटत नसे. ग्लासगोच्या फेरीला माझ्याहून इतर जण लवकर पोचतात, असं मला वर्षानुवर्षं ऐकवलं. ऑफिसात बसलेल्या माणसाला त्या वाटेवरचा बीटॉकचा उतार वेळापत्रकातली एक रेघ वाटतो. मी कधी न्यूट्रल मारला नाही. त्यापायी चांगल्या पगाराच्या रात्रीच्या फेऱ्या दुसऱ्यांना गेल्या, घरी त्यावरून बोलणीही झाली. मला हळू म्हणायचे. मी हळू नव्हतो. चढावर त्यांच्यातले कितीतरी जण मी मागे टाकले आहेत, कारण माझा गिअर आधीच पडलेला असायचा. आजही तसाच वागेन. हे तुला सांगायचं कारण, उद्या तुलाही कोणीतरी हळू म्हणणार आहे.

आणि यात गोऱ्यांची काही वेगळी जादू नाही. लहानपणी खंबाटकीच्या घाटात ट्रकवाले काय म्हणायचे? ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर. लेलँड कॉमेट चालवणाऱ्या आपल्या माणसांना ते ठाऊक होतं.

तू लायसन्स ऑटोमॅटिक गाडीवर काढलंस आणि म्हणून आपण कच्चे, असं तुझ्या मनात कुठेतरी आहे. ते आधी काढून टाक. तू रोज जी व्होल्व्हो चालवतोस तिच्यात आय-शिफ्ट हा आपोआप गिअर बदलणारा बॉक्स आहे. तिच्यातली आय-सी नावाची सोय पुढच्या रस्त्याचा चढ-उतार आधीच जाणून असते आणि चढ यायच्या आत गिअर ठरवते. खिडकीची काच खाली करणारा तो म्हातारा जे करायचा तेच हे यंत्र करतं. रोज तिच्यात बसतोस, तर पाहा ना ती गिअर कुठे बदलते ते! त्या जागा मनात धर.

बॉक्स बदलण्याचं मात्र ऐकून घेऊ नकोस. मूळ इंजिन, मूळ बॉक्स असलेली ॲटकिन्सन रस्त्यावर चालती ठेवणारी माणसं किती उरली आहेत? माझ्या डोळ्यांदेखत यार्डातून भंगारात गेल्या रे त्या गाड्या, रेडिएटरवर मोठा ए मिरवणाऱ्या. एक भंगाराच्या भावात मिळत होती. घराचे हप्ते चालू होते, मुलं लहान होती, ठेवायला जागा नव्हती. घेता आली नाही. तिचा विचार अजून मनातून जात नाही. आणि सिंक्रोमेशने तुझा प्रश्न सुटतो तरी कुठे? चुकीच्या वेगाला तो गिअर पडूही देईल कदाचित, पण क्लच सोडताक्षणी चाकं इंजिनला गव्हर्नरच्या वर फेकतील. डेव्हिड ब्राऊन निदान नाही म्हणतो. त्याचा नकार ऐकायला शीक.

जुन्या गाड्यांच्या पुढच्या मिरवणुकीआधी तिचा रस्ता मोटारीने एकदा जाऊन ये. प्रत्येक चढाची आणि प्रत्येक माथ्याची जागा वहीत लिही, दगड, फाटक, पाटी, जे दिसेल ते, आणि पुढे गिअर. लोड नाही म्हणून ढिलाई नको. क्लचचा फ्री-प्ले, म्हणजे पेडलची मोकळी चाल, किती आहे तेही मोजून ठेव. क्लच पुरता सुटत नसेल तर वेळ साधूनही दात खरडणारच, आणि मग तू उगाच स्वतःला दोष देशील. लिव्हरच्या जोडण्या झिजल्यात का, तेही बघ. मागच्या वेळी मला तिसऱ्याच्या बाजूला जरा ढिलं लागलं होतं.

बॉक्सवर मत घेणार आहेत ती मीटिंग कधी आहे ते कळव. मला बोलायचंय तिथे. गुडघ्यामुळे आता लांबवर गाडी चालवत नाही, तेव्हा स्टेशनवर घ्यायला ये.

तुझा,
काका