अमळनेरकडे बोअरचं पाणी पितो, मुलीच्या नव्या दातांवर पांढरे डाग कशामुळे?

ताई, आधी पाणी तपासा. दात हिरडीत घडत असताना, साधारण ८ वर्षांपर्यंत, पोटात फ्लोराइड जास्त गेलं की दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखेच पांढुरके पट्टे किंवा ठिपके येतात. पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. फ्लोराइडची पेस्ट गिळत असेल तर ते गिळणंही थांबवा, पेस्ट वाटाण्याएवढीच द्या.

एकाच दातावर डाग असेल तर दुधाच्या दाताला लागलेला मार आठवून बघा. हिरडीलगत खडूसारखा डाग मात्र किडीची सुरुवात असते. तो वेळीच थांबवता येतो, म्हणून दंतवैद्याकडे लवकर न्या. लिंबू-सोडा मुळीच घासू नका.