पहिल्याच भेटीत प्रश्नावली नको

प्रश्न : मी अमेरिकेत मानसशास्त्र शिकते. आमच्या ‘ब्लॅक सायकॉलॉजी’ (कृष्णवर्णीयांच्या अनुभवातून मांडलेलं मानसशास्त्र) विद्यार्थी गटाने जवळच्या कृष्णवर्णीय वस्तीत मनमोकळं बोलण्याची बैठक सुरू केली. पहिल्या वेळी बरेच लोक आले, प्रश्नावलीही भरून दिली. पुढे मात्र कोणी फिरकेना. काय चुकलं?
– एक वाचक, अटलांटा

उत्तर : प्रश्नावली. ओळख होण्याआधी कागद पुढे आला की माणसं सावध होतात, आणि त्यांच्या सावधपणाला इतिहास आहे. अलाबामातल्या टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ या काळात सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं. पेनिसिलिन हाताशी आल्यावरही दिलं नाही. मानसशास्त्राचेही हात स्वच्छ नाहीत. कॅलिफोर्नियात बुद्ध्यांक चाचणी घेऊन कृष्णवर्णीय मुलांना मतिमंदांच्या वर्गात पाठवत. ‘लॅरी पी. विरुद्ध राइल्स’ खटल्यात न्यायालयाने १९७९ मध्ये ही पद्धत बेकायदा ठरवली. अशाच अनुभवांतून १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी स्वतःची संघटना उभी केली होती. तुमच्या गटाचं मूळ तिथे आहे.

आता नव्याने सुरुवात करा. बैठक चर्चच्या सभागृहात किंवा ओळखीच्या केशकर्तनालयात घ्या. विषय वस्तीतल्या लोकांनाच ठरवू द्या. तुम्हाला नैराश्यावर बोलायचं असेल, त्यांना कदाचित घरभाड्यावर बोलायचं असेल. तिथूनच सुरुवात करा, झोप उडण्याचं कारण बहुधा त्यातच सापडेल. एका वर्तुळात ८ ते १२ जण पुरेत, वेळ दीड तास. याहून गर्दी झाली की चार-पाच जणच बोलतात. सूत्रं दोघांकडे द्या : एकाने बोलणं पुढे न्यायचं, दुसऱ्याने कोणी फार अस्वस्थ झालं तर त्याच्यासोबत बाहेर जाऊन बसायचं. इथलं बोलणं इथेच राहील, पण कोणाच्या जिवाला धोका दिसला तर गप्प बसणार नाही, हे कोणी तोंड उघडण्याआधीच सांगा. नंतर सांगितलंत तर ती फसवणूक वाटते. संकटकाळच्या मदतीचा ९८८ हा क्रमांक कागदावर छापून प्रत्येकाला द्या. हा उपचार नव्हे. पाठीशी परवानाधारक मानसशास्त्रज्ञ हवाच.

बैठका मोडण्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे परीक्षा. डिसेंबर आणि मे आला की विद्यार्थी गायब होतात. वस्तीतल्या दोघांना आधीच तयार केलंत तर तुमच्याविनाही बैठक भरेल.

संशोधन करायचंच असेल तर विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी पहिल्या प्रश्नाआधी घ्या. जुन्या प्रश्नावल्यांना मंजुरी नसेल तर त्या प्रबंधात वापरू नका. समितीला तसं कळवा.

प्रश्न : मी मराठी आहे. अशा गटात जाऊ का?
– एक विद्यार्थी, न्यू जर्सी

उत्तर : जरूर. विद्यापीठाचे नोंदणीकृत गट सहसा सर्वांना खुले असतात. आधी कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ जोसेफ व्हाइट यांचा ‘एबनी’ मासिकातला १९७० चा लेख वाचा. कृष्णवर्णीयांचं मन गोऱ्यांच्या मापाने का मोजू नये, हे त्यात नीट मांडलं आहे. गेल्यावर खुर्च्या लावणं, जेवणाची सोय, आई-बाप बैठकीत असताना मुलं सांभाळणं, अशी कामं मागून घ्या. या कामांना माणसं नेहमीच कमी पडतात.